नबी मिस्त्रीच्या पलंगाखालची इटालियन

अकोल्यात एके काळी अशी कुजबुज होती, की नबी मिस्त्रीच्या पलंगाखाली एक अख्खी इटालियन मोटारसायकल झोपलेली आहे. तुकड्यातुकड्यांनी आणलेली. आज पिस्टन, दोन सालांनी व्हॉल्व, असं करत करत छत्तीस वर्षांत मिस्त्रीनं हिवरखेडच्या नत्थुजीची असली गाडी स्वतःच्या घरी आणली आणि नत्थुजीच्या गोठ्यात तिची नकली उभी करून दिली, म्हणे. अकोट स्टँडजवळच्या रामरावच्या हॉटेलात ही गोष्ट सकाळच्या पहिल्या चहाबरोबर निघायची. मूर्तिजापूरला पोचेपर्यंत गाड्या दोन व्हायच्या, बडनेऱ्याला त्यांना एक स्कूटर जोडली जायची आणि अमरावतीत नबीची लेक उज्मा राहायची त्या मोहल्ल्यात गोष्ट शिरली तेव्हा तर मिस्त्रीच्या घराखाली भुयार निघालं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांखाली भुयार खणू देणारा घरमालक कोण, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. कापसाच्या भावाचं बोलून बोलून लोक कंटाळले होते. काहीतरी नवीन पाहिजेच होतं.

पलंगाखाली काहीतरी होतं, एवढं मात्र खरं. नबीच्या बायकोला, जैनबबीला, ते पक्कं माहीत होतं, कारण तिथला केर काढायचं काम तिचं. हिरव्या पत्र्याची पेटी, कडीला पितळी कुलूप. लग्नानंतर चौथ्या साली ती घरात आली, ती आलीच. मधे घर दोनदा बदललं. दोन्ही वेळा पेटी उचलणाऱ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. चावी नबीच्या बनियनच्या खिशात. वर्षातून एखाद-दोनदा तो दार लोटून घ्यायचा, आतून लोखंडावर लोखंड ठेवल्याचा आवाज यायचा आणि दार उघडलं की पेटीला पुन्हा कुलूप. जैनबबी नांदगाव खंडेश्वरची. पोटात ठेवणं तिच्या माहेरी कोणाला जमलं नव्हतं. पेटी आली त्याच वर्षी तिनं विचारलं होतं, "काय हाय हिच्यात?"

"लोखंड."

"कोनाचं?"

"माह्यं."

"मंग कुलूप काहून?"

"तू साखरेच्या डब्याले लावतं, तसं."

घरात दोघांची हिंदी चालायची, पण वाद रंगला की दोघंही वऱ्हाडीवर यायचे. हिंदीत अदब आडवी येते; वऱ्हाडीत सरळ मुद्द्यावर जाता येतं. तरी या मुद्द्यावर तीस वर्षांत जैनबबी कुलपाच्या पुढे गेली नव्हती.

नबी म्हणजे अंगानं काडी, पण बोटं केळीच्या फण्यासारखी. अकोट स्टँडच्या मागं त्याचं दुकान. एक लेथ, एक ऐरण, एक भट्टी, आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. दुनियेची मशिनं दुरुस्त करणाऱ्या या माणसानं त्या बाकाचा डुगडुगणारा पाय वीस वर्षांत दुरुस्त केला नव्हता. डिझेलचा पंप आणा, शिलाई मशीन आणा, पिठाची गिरणी आणा. ज्याचा पार्ट अख्ख्या बाजारात मिळत नाही, तो नबी बनवून द्यायचा. रामरावच्या हॉटेलात बसून तो स्वतःच सांगायचा, "नबीचा हात एकदाच चालते. दुसऱ्यांदा चालवाची गरजच नाई पडत." खोटी स्तुती त्याला खपायची नाही, पण खरी कमी पडली तर भर घालायला तो स्वतः हजर.

दुकानाचा एक रिवाज होता, नबीला काम शिकवणाऱ्या उस्तादानं घालून दिलेला. नवा पार्ट बसवला की जुना फडक्यात बांधून मालकाच्या हातात द्यायचा. झिजलेला असो, फुटलेला असो. "जिसका लोहा, उसके घर," उस्ताद म्हणायचे. दुनियेत काही हरवलं की पहिला संशय मिस्त्रीवर येतो, म्हणून ही काळजी. गिऱ्हाइकं ते गाठोडं घेऊन पहिल्याच वळणावर भंगारवाल्याला द्यायची, ती गोष्ट वेगळी.

नत्थुजी मात्र गाठोडं घरी न्यायचा.

हा नत्थुजी हिवरखेडचा. काळी माती, विहिरीला पाणी, तूर-कापूस, थोडी केळी, आणि पंचक्रोशीत कोणाकडे नसलेली एक लाल मोटारसायकल. इटलीची मोटो गुझ्झी. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये मशिनं बसवायला आलेला इटालियन इंजिनिअर बासष्ट साली परत जाताना ती नत्थुजीला विकून गेला. तिचं इंजिन आडवं झोपलेलं, बाजूला पोळपाटाएवढं उघडं चाक गरगर फिरायचं आणि गाडी सुरू झाली की स्वयंपाकघरातली भांडी बोलायला लागायची. गावानं 'गुझ्झी' म्हणायचा एकदा प्रयत्न केला, दुसऱ्या दिवशी सोडून दिला आणि गाडीचं नाव 'इटली' पडलं. "नत्थुजी कुठी गेले?" "इटली घेऊन तेल्हाऱ्याले गेले," असं लोक एकमेकांना न हसता सांगायचे.

एकाहत्तर साली इटलीचा पिस्टन गेला. मुंबईपर्यंत विचारणा झाली, पार्ट कुठं नव्हता. तेव्हा चोवीस वर्षांच्या नबीनं पंपाचे जुने पिस्टन वितळवले, रेतीच्या साच्यात ओतले आणि लेथवर घासून नवा पिस्टन बसवून दिला. गाडी चालली. त्यानंतर तीस वर्षं हेच. व्हॉल्व गेला, नबी. चक्राचे दात झिजले, नबी. दिव्याची काच तडकली, नबीनं ट्रकची काच कापून बसवली. दर वेळी नत्थुजी जुन्या पार्टचं गाठोडं हँडलला अडकवायचा, घरी जाऊन बायकोच्या, गोदाबाईच्या, हातात द्यायचा आणि म्हणायचा, "ठेव." गोदाबाई ठेवायची.

दोन हजार एक साली नत्थुजी वारले. गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत पोत्याखाली गेली. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, मुलगा गजेंद्र एक किक मारायचा, भांडी बोलायची, आणि पुन्हा पोतं.

मग जुन्या गाड्यांचे भाव चढले. कापसाचा पडत होता त्याच वर्षांत. ज्या गाडीचे भंगारवाला दीड हजार सांगत होता, तशीला पुण्या-मुंबईची माणसं लाखांत मागू लागली. वावरात पिकवलेल्याला भाव नाही आणि गोठ्यात गंजलेल्याला आहे, हे कोडं हिवरखेडच्या पारावर कोणाला सुटेना. एक म्हातारा तर घरी जाऊन आपला जुना नांगर पुसून बसला, कोणी विचारायला आलंच तर असावं म्हणून.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात पुण्याचे एक साहेब हिवरखेडला आले. सोबत त्यांचा कारागीर, खिशात लोहचुंबक, हातात बारीक विजेरी. बैलबाजारातला हेडी, म्हणजे दलाल, बैलाभोवती फिरतो तसे ते गाडीभोवती फिरले. फक्त दात मोजायचे राहिले. म्हणाले, "आतबाहेर सगळं इटलीचं असेल तर सहा लाख."

गजेंद्र तिथंच मनानं डाळ मिलचा मालक झाला. तूर स्वतः पिकवायची आणि डाळ दुसऱ्यानं करून विकायची, याचा त्याला उबग आला होता. कृषी विद्यापीठाची छोटी डाळ मिल तो अकोल्यात दोनदा बघून आला होता. दुसऱ्या वेळी बायकोला, आरतीला, घेऊन गेला होता, मुलगी पसंत करायला नेतात तसा.

कारागिरानं इंजिन उघडलं. साहेबांनी विजेरी मारली, पिस्टनवर बोट फिरवलं आणि विजेरी विझवली.

"टाकी इटलीची आहे. चौकट, चाकं, इंजिनाचं कवच, सगळं इटलीचं. पोटातलं मात्र इथलं आहे. काम सुरेख आहे, कोणी केलंय? पण मला इटलीचं हवं. जुने पार्ट असतील, फुटके का असेनात, तर सहा लाख. नाहीतर दीड."

गजेंद्र आत धावला. "माय, गाडीचं काई सामान हाय काय आपल्या घरी?"

गोदाबाई भाकर थापत होती. "गाडीचं सामान गाडीत असन. माह्याजवळ कायचं असते?"

दुसऱ्या दिवशी गजेंद्र नबीच्या दुकानात उभा. जैनबबी नुकतीच डबा घेऊन आली होती, म्हणून हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं.

"चाचा, इटलीचे जुने पार्ट कुठी हायेत?"

"तुमच्या घरी. नत्थुजीभाऊच्या हातात देल्ले, एकूण एक."

"घरी काईच नाई. मायले इचारलं."

"पुन्हा इचार."

"बाप तं गेला, चाचा. आता त्याच्या हातात देल्ले म्हनाले काय लागते?"

नबीनं कानस खाली ठेवली. "गजू, चहा पितं काय?"

"नाई."

हिवरखेडचा माणूस चहाला नाही म्हणतो, म्हणजे प्रकरण पुढं गेलं. गजेंद्र निघून गेला. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती. एक पिठाच्या गिरणीचा मालक आणि दुसरा, नेमका, नबीचं घर बदलताना हिरव्या पेटीचं एक टोक ज्यानं धरलं होतं तो. तो उठला. फक्त चहा प्यायला रामरावकडे गेला.

संध्याकाळपर्यंत पलंगाखाली गाडी तयार होती.

पुढचे दिवस जैनबबीला कठीण गेले. नळावर बाया ती आली की भांड्यांचा आवाज जास्त करायच्या. एक तर सरळच म्हणाली, "जैनबबी, रात्री हॉर्न वाजते काय वो पलंगाखाली?" जैनबबीनं उत्तर दिलं, "तुह्या नवऱ्याच्या घोरन्यापुढे ऐकू नाई येत." बाया हसल्या, पण घागर अर्धी भरली तशीच उचलून ती परतली. उज्माचा अमरावतीहून फोन आला, "अम्मी, ये भुयार का क्या चक्कर है?" सगळ्यात लागलं ते दुकानात. गिरणीचा मालक वीस वर्षं मशीन टाकून डुलकी काढायला जायचा. तो आता बाकाच्या कडेला बसून नट मोजू लागला. एकदा नबीच्या हातून वायसर खाली पडला, तर तिघं वाकले. त्या दिवशी नबी दुपारीच घरी आला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्याही नाही.

तिसरा दिवस शुक्रवार होता. नबी नमाजाला जायला निघाला तेव्हा जैनबबीनं दार अडवलं.

"पेटी उघडून मोहल्ल्याच्या मधात ठेवून द्या. सारे पाहून घेतीन. मिटलं."

"पेटी नाई उघडनार."

"चोरीचं नाई ना?"

"नाई."

"मंग काहून नाई?"

नबीनं टोपी नीट केली. "तूबी?" एवढंच म्हणाला आणि गेला.

तो वळणापलीकडे गेल्यावर जैनबबीनं चुलीजवळची सांडशी घेतली आणि पलंगाखाली वाकली. कुलूप जुनं होतं, कडी पातळ झालेली. एक पीळ दिला असता तर सुटली असती. तिनं सांडशी कडीत घातलीसुद्धा. आणि तशीच थांबली. आपण हे कुलूप तोडलं, की आपण रामरावच्या हॉटेलातल्या बाकावर जाऊन बसलो, असं तिला वाटलं. आत काय निघेल ते पुढचं. नबी नमाजाहून आला तेव्हा ती सांडशी घासत होती, जशी ती कधीच घासत नसे.

"उद्या हिवरखेडले जाऊ," ती म्हणाली.

"शिव्या खाले?"

"भाकर खाले. गोदाभाभीच्या हातची. पार्ट त्या घरी देल्ले ना तुमी? मंग त्या घरी असतीन. लोखंड का उडून जाते?"

शनिवारी दोघं अकोटवरून बस बदलून हिवरखेडला पोचले. गजेंद्र ओसरीवर होता. त्यानं खाट पुढं सरकवली, पण नजर वर केली नाही. नबी खाटेवर बसला आणि दोघं पुरुष समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. जैनबबी आत गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकली.

गोदाबाईला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. गजेंद्रनं तिला एक प्रश्न विचारला होता, तिनं उत्तर दिलं होतं, तिच्या लेखी विषय संपला होता. तिला आनंदच झाला.

"बस वो जैनबबी. किती वरसानं आली! उज्मा कशी हाय? वकार किती मोठा झाला तिचा?"

"दहावीत हाय. मोबाईलमध्ये डोकं घालून बसते."

"सारे तसेच. बस, ठेचा करतो."

कोपऱ्यात देवघर होतं, उदाचा वास येत होता. गोदाबाईनं पाट्यावर लसूण-मिरची घेतली आणि कुटायला सुरुवात केली. जैनबबीचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. हातात बत्ता नव्हता. चकचकीत दांडी, खाली छत्रीसारखं सपाट डोकं. तीस वर्षं मिस्त्रीच्या घरात काढलेल्या बाईला ते ओळखायला चष्मा लागत नाही.

"भाभी, हे कायनं कुटून राहिल्या?"

"हे? ठोंब्या हाय माह्या. लय जुना. यायनंच आनला होता."

"याले आमच्यात व्हॉल्व म्हन्तेत."

"तुमच्यात म्हनत असतीन. आमच्यात ठोंब्याच."

जैनबबीनं मान वळवून हळूहळू खोली पाहायला सुरुवात केली. माठ ज्यावर ठेवला होता ते लाकडी बूड नव्हतं. दात्यांचं लोखंडी चक्र होतं. दुधाच्या पातेल्यावर तडकलेली गोल जाड काच झाकण म्हणून ठेवली होती. देवघरात देवांपुढे जी ऊददाणी धुमसत होती, ती उलटा ठेवलेला एक काळाभोर पिस्टन होता, आणि त्याच्या कडेला राखेतून परदेशी अक्षरं डोकावत होती.

"भाभी," जैनबबी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. "तुमी गजूले म्हनलं ना, घरात गाडीचं काई नाई?"

"नाईच ना! कुठी हाय गाडीचं? हे तं माह्या घरचं सामान हाय."

"अजी!" जैनबबीनं आतूनच हाक मारली. "आत या! चपला काढून या!"

छत्तीस वर्षांत नबी त्या घराच्या ओसरीच्या पुढे कधी गेला नव्हता. तो उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. मग बोट करून एकेक सांगू लागला, मुलांची वयं सांगावीत तसं. "थे एकाहत्तरचं. हे पंच्याहत्तर, त्या साली लय पाऊस होता. काच ब्यांशीची; नत्थुजीभाऊ म्हशीले धडकले होते." मागं गजेंद्र येऊन उभा होता. नबी त्याच्याकडे न बघता म्हणाला, "गोठ्याच्या दाराले पाचर कायची हाय, पाहून ये." गजेंद्र गेला आणि कनेक्टिंग रॉड हातात घेऊन परत आला. वासराला बांधलेली साखळी आरतीनं सोडून आणली. वासरू तेवढ्यात केळीत शिरलं, ते वेगळं.

अंगणात पोतं अंथरून सगळं मांडलं तेव्हा, देवघरातला पिस्टन धरून, एकवीस नग भरले. गजेंद्र पोत्यापाशी उकिडवा बसला. कान लाल.

"चाचा..."

"चहा ठेव म्हना आरतीले," नबी म्हणाला. "आन मले इथं काई बोलू नको. जिथं तुह्यं बोलनं पसरलं तिथं येऊन बोल. रामरावच्या हॉटेलात. सकाळी, भरल्या बाकावर."

गजेंद्रनं मान हलवली.

पुढच्या आठवड्यात पुण्याचे साहेब परत आले. पोत्यावरचे पार्ट बघून ते गुडघ्यांवर बसले. देवळातही कदाचित बसत नसतील. एकेक उचलून अक्षरं वाचली. "वीस. पिस्टन कुठे आहे?"

"देवाजवळ," गोदाबाई म्हणाली.

"तोच तर मुख्य आहे, आजी."

"माह्यासाठीबी तोच मुख्य हाय. छत्तीस साल ऊद जाळला त्याच्यात. देवापुढून उठवून तुमच्या कपाटात ठेवाले देऊ?"

साहेबांनी भाव वाढवून पाहिला. गोदाबाईनं तोंड फिरवलं. गजेंद्रच्या डोळ्यांपुढून डाळ मिल एकेक स्क्रू सुटत जाऊ लागली. तो मायच्या पुढ्यात बसला, आरतीनं समजावलं; म्हातारी हलेना. नबीनं काही सुचवलं नाही, कारण देवघराचा मामला त्याचा नव्हता.

जैनबबी नबीसोबत आलेली होतीच. तिनं विचारलं, "भाभी, रिकामी जागा नको ना देवापुढे? मंग त्याच्या जागी दुसरा ठेवा. यायनं बनवलेला. गाडीतून तसाबी निंघनारच हाय."

गोदाबाईनं नबीकडे पाहिलं. "नबीभाऊ, तुमी सोता बनवला थो?"

"हो, वैनी."

"तुटनार नाई ना उदानं?"

"तीस साल आगीत होता."

"मंग आना."

नबीनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं स्वतःचे सगळे पार्ट गाडीतून काढले आणि त्यांच्या जागी झिजलेले, फुटलेले, लसणाचा वास येणारे इटालियन पार्ट बसवले. आपला पिस्टन त्यानं रॉकेलनं धुतला, मग साबणानं, मग आरतीकडून चिंच मागून घेतली. गोदाबाईनं तो देवघरात ठेवला आणि निखारा घातला.

गाडी अर्थातच आता सुरू होत नव्हती. चार माणसांनी ढकलून टेंपोत चढवली. साहेब खूश, गजेंद्र खूश. नबी कडेला हात पुसत उभा होता.

"पाहा वो," तो जैनबबीला म्हणाला, "चालत होती तवा दीड लाख. आता चालत नाई तं सहा."

"तुमीबी बसा टेंपोत," जैनबबी म्हणाली. "तुमचंबी कोनतंच काम चालत नाई."

सोमवारी सकाळी गजेंद्र अकोल्यात रामरावच्या हॉटेलात आला. बाक भरलेले होते. नबी कोपऱ्यात, बाहेरच्या बाजूला जैनबबी. ती या हॉटेलात जन्मात आली नव्हती, पण आज दारात उभी राहिली होती आणि कोणाची हटकायची हिंमत झाली नाही. गजेंद्रनं मोठ्यानं सांगितलं, की एकूण एक पार्ट माझ्या घरी मिळाले, माझी माय त्यांच्यावर ठेचा कुटत होती, आणि मी चाचांवर आळ घेतला तो खोटा होता. मग वाकून नबीच्या पायांना हात लावला. नबीनं त्याला उठवलं आणि रामरावला म्हणाला, "याले चहा दे. आज थो पिईन."

लोक हसले, पण जरा उदासच. एवढी चांगली गोष्ट हातची गेली होती. दुपारपासून गिरणीचा मालक मशीन टाकून पुन्हा डुलकी काढायला जाऊ लागला. तेवढ्यावर नबीचं समाधान होतं.

फक्त निघता निघता त्या पेटी उचलणाऱ्यानं विचारलंच, "मंग मिस्त्री, पेटीत काय हाय?"

बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या. जैनबबीनंही दारातून मान वळवली.

"लोखंड," नबी म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

म्हणून ती कुजबुज पुरती मेली नाही. पुढं पाच वर्षं अधूनमधून ती डोकं वर काढायची. जैनबबीनं मात्र पुन्हा विचारलं नाही. दोन हजार बारा साली नबीच्या डोळ्यांनी लेथ सोडायला लावला, दुकान बंद झालं आणि दोघं उज्माजवळ अमरावतीला राहायला निघाले. सामान बांधताना त्यानं बनियनच्या खिशातून चावी काढून जैनबबीच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन टेंपोवाल्याशी बोलत बसला.

पेटीत नत्थुजीच्या गाडीचा एकही पार्ट नव्हता. नबीनं बनवताना बिघडवलेले पार्ट होते. अठरा पिस्टन, अकरा व्हॉल्व, दात्यांची तीन चक्रं, आणि लहानसहान बरंच. इटलीचा पहिला पिस्टन जमायला त्याला सात वेळा ओतावं लागलं होतं. बिघडलेले भंगारात दिले असते तर नबीचा हात एकदाच चालत नाही, हे रामरावच्या हॉटेलात कळलं असतं, म्हणून त्यानं ते कुलपात ठेवले होते.